दूरस्थ पटखेळ

पट एक आणि खेळाडू वेगवेगळ्या गावी किंवा देशी, अशा रीतीने खेळला जाणारा डाव. बुद्धिबळ, लुडो, शब्दांचे खेळ आणि अलीकडचे बरेच युरोपीय पटखेळ आज फोनवर किंवा संगणकावर असे खेळले जातात.

ही वाट इंटरनेटच्या कितीतरी आधी बुद्धिबळाने पाडली. पटावरच्या प्रत्येक घराला नाव असते, त्यामुळे चाल एका ओळीत लिहून कळवता येते. लंडन आणि एडिंबरा इथल्या क्लबांचा टपालाने चाललेला सामना १८२४ मध्ये सुरू झाला आणि १८२८ मध्ये एडिंबराने तो जिंकला; डाव उघडण्याच्या चालींच्या ‘स्कॉच’ या पद्धतीचे नाव त्याच सामन्यावरून पडले. १९७० मध्ये सोव्हिएत संघाच्या सोयुझ ९ यानातल्या दोन अंतराळवीरांनी पृथ्वीवरच्या सहकाऱ्यांशी डाव मांडला. तो बरोबरीत सुटला.

फाशांच्या खेळांना हे जमण्यासारखे नव्हते. ‘मला सहा पडले’ असे पत्राने कळवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? हा प्रश्न सर्व्हरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाने, सोडवला: आकडा तो ठरवतो आणि सगळ्यांना एकाच वेळी दाखवतो. संशय मात्र गेलेला नाही. सोंगटी मारली गेली की ॲप समोरच्याला मुद्दाम हवे ते दान देते, ही तक्रार घराघरांत ऐकू येते.

भारतात दूरस्थ पटखेळाला घरोघरी नेले ते लुडोने, म्हणजे पचिसीच्या इंग्लंडला जाऊन आलेल्या रूपाने. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचे ‘लुडो किंग’ २०१६ पासून उपलब्ध होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्याची लाट आली. एकाने खासगी रूम उघडायची, तिचा कोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी तो भरून आत यायचे. शिकण्यासारखे एवढेच, म्हणून आजी-आजोबाही चटकन सामील झाले. सोबत दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावणारे पुष्कळ. चिडवणे, रुसणे, ‘माझीच का मारलीस’ हे सगळे तिथे चालते, आणि त्याविना नुसता पट फार कोरडा वाटतो.

मोठी अडचण घड्याळाची. पुणे आणि कॅलिफोर्निया यांत ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक पडतो. एकाची रात्रीची जेवणे आटोपतात तेव्हा दुसरा सकाळच्या घाईत असतो. त्यावर उपाय म्हणजे पाळीपाळीने, सवडीने खेळणे. ‘लिचेस’ या विनामूल्य बुद्धिबळ-संकेतस्थळावर एका चालीसाठी १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. २०१० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर एकाच वेळी हजर राहून किंवा सवडीने, दोन्ही तऱ्हांनी शेकडो खेळ खेळता येतात. चौघांच्या सवडीच्या डावात एक जण गप्प बसला की तिघे खोळंबतात; मग चाल करण्याची आठवण द्यायला फोनच करावा लागतो.

बहुतेक ठिकाणी नियम यंत्रच पाळायला लावते, चुकीची चाल होऊच देत नाही. २०१५ चे ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ हे संगणकावरचे सॉफ्टवेअर याला अपवाद आहे. ते फक्त टेबल आणि सोंगट्या देते, नियम खेळाडूंनी सांभाळायचे. चिडलेल्याला टेबल उलथवून टाकण्याची सोयसुद्धा त्यात आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. केवळ करमणुकीसाठी, पैसे न लावता खेळले जाणारे डाव तिच्या कक्षेत येत नाहीत.