रूट कॅनालमधली गळती मोजण्याचा इतिहास

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तारेची केबल समुद्राखालून टाकली. तिच्यातल्या तांब्याच्या तारांना वेष्टण होतं गट्टापर्चाचं, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाच्या चिकाचं. तोच चीक १८६७ मध्ये बोमन या अमेरिकन दंतवैद्याने दाताच्या मुळातल्या नळीत भरला होता. आज परळ असो की डोंबिवली, रूट कॅनाल झाल्यावर नळीत बसते ती गुलाबी काडी त्याचीच. तिच्यात गट्टापर्चा असतो जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.

ही काडी दाताला चिकटत नाही. मधली फट सीलर, म्हणजे काडीभोवती भरायची लुकण, बुजवतो, आणि गळतीचा, म्हणजे जंतू आत झिरपण्याचा, सगळा इतिहास त्या फटीचा आहे. १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतला गर उघडा पाडला. जंतुविरहित पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांचा गर भरून आला, साध्या उंदरांचा सडला. गुन्हेगार जंतूच, हे पक्कं झालं. मग भरण्यातच औषध का घालू नये? हा विचार त्याआधीचाही आहे. फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या पेस्ट जंतू मारत, पण मुळाच्या टोकाबाहेर गेल्या तर जबड्यातली नसही जाळत. पुढे आयोडोफॉर्म आणि क्लोरहेक्सिडिन मिसळलेल्या काड्या आल्या.

हे भरण जंतूंना अडवतं का, ते पाहायची मांडणी साधी. काढलेल्या दाताचा वरचा भाग कापून मूळ तेवढं ठेवायचं, नळी साफ करून भरायची, टोक सोडून बाहेरून नेलपॉलिश लावायचं. वरच्या नळकांड्यात जंतू, खालच्या बाटलीत निर्जंतुक ब्रॉथ (जंतू वाढवायचा पोषक द्रव), आणि मूळ त्या दोन्हींच्या मध्ये. ब्रॉथ गढूळ झाला की गळती. जंतू बहुधा एन्टेरोकॉकस फिकॅलिस, कारण तो नळीत घालायच्या कॅल्शियम हायड्रॉक्साइड या जंतुनाशक औषधालाही दाद देत नाही आणि फसलेल्या रूट कॅनालमध्ये वारंवार सापडतो.

१९९० मध्ये तोराबिनेजाद या संशोधकांच्या गटाने भरलेल्या नळ्या वरून जंतूंना उघड्या ठेवल्या. निम्म्याहून अधिक मुळांत एक जंतू १९ दिवसांत, तर निम्म्या मुळांत दुसरा ४२ दिवसांत तळापर्यंत पोहोचला. ‘कॅपचं बघू दिवाळीनंतर’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

कसोटीत खोट मात्र होतीच. एक जंतू उतरला काय नि लाखभर उतरले काय, ब्रॉथ शेवटी गढूळच. सीलरमधलं औषध झिरपून खाली उतरलं, तर जंतू तिथेच मरतात आणि गळकं भरणही घट्ट ठरतं. म्हणजे ज्या जंतुनाशक सीलरसाठी ही परीक्षा घ्यायची, त्यालाच ती झुकतं माप देते! २००४ मध्ये अशाच कसोटीवर रेझिलॉन या गट्टापर्चाऐवजी वापरायच्या नव्या भरणाचा गाजावाजा झाला. रुग्णांमध्ये ते तेवढं उतरलं नाही. २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स’च्या संपादकांनी नुसत्या गळतीच्या अभ्यासांना दार लावलं.

आपल्याकडे एमडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाचे, विद्यार्थी अजून ही कसोटी करतात. अभ्यासक्रमाच्या तीन वर्षांत उरकणारं काम आहे. रुग्णाचा एक्स-रे चार-पाच वर्षांनी पुन्हा काढायचा, तर तोवर विद्यार्थी स्वतःचा दवाखाना थाटून बसलेला असतो आणि रुग्ण खोली बदलून विरारला गेलेला.