माहितगार नागरिक (बेळगाव सीमाभाग)

माहितगार नागरिक म्हणजे ज्याला आपण मत कशावर देतोय, आपला कर कुठं खर्च होतोय आणि सरकारी कागदावर आपल्या नावापुढं काय लिहिलंय हे कळतं, आणि कळत नसेल तर तो विचारू शकतो. निवडणूक, पंचायत, वर्तमानपत्र यांच्याशी ही कल्पना जोडलेली आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे, ते इथं उगाळत बसायला नको. पण कर्नाटकातल्या सीमाभागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, खाली कारवार-हल्याळ आणि तिकडं बिदरच्या भालकी-बसवकल्याणपर्यंत, या कल्पनेला भाषेचा एक जादा पदर आहे, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा.

उगमाबद्दल एकमत नाही. राज्यशास्त्राची पुस्तकं अथेन्सपासून सुरुवात करतात, काही जण बौद्ध संघातल्या चर्चा आणि मतदानाच्या पद्धतीकडं बोट दाखवतात. सीमाभागात मात्र बसवकल्याणच्या अनुभव मंटपाचा दाखला हमखास दिला जातो. १२व्या शतकात बसवेश्वर, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि वेगवेगळ्या जातींतले, धंद्यांतले शरण (म्हणजे या शिवभक्तांच्या चळवळीतले लोक) एकत्र बसून वाद करायचे, प्रश्न विचारायचे, म्हणून हीच पहिली संसद असं सांगितलं जातं. अडचण अशी की मंटपाचं जे सविस्तर वर्णन आपण ऐकतो ते बरंचसं शून्यसंपादने या ग्रंथातून येतं, आणि त्याची संकलनं साधारण १५व्या शतकातली, म्हणजे मधे दोन-तीनशे वर्षं गेली. म्हणून काही अभ्यासक मंटप ही ठराविक नियमांची, ठराविक जागेची संस्था होती हे मान्य करत नाहीत, पण शरणांची गोष्ठी, म्हणजे चर्चेची बैठक, होती आणि बोलीभाषेतल्या वचनांतून सामान्य माणूस बोलता झाला हे नाकारायचं कारण नाही. हेच मत जास्त पटण्यासारखं आहे. संसद म्हणणं थोडं ताणलेलं वाटतं, पण ज्ञान लोकांच्या बोलीत आणलं ही गोष्ट आजच्या विषयाला थेट लागू पडते.

आधुनिक अर्थानं ही कल्पना १९व्या शतकात छापखान्यासोबत आली, मराठीत १८३२ चं दर्पण हे वर्तमानपत्र हा टप्पा बहुतेक जण धरतात. बेळगावात सार्वजनिक वाचनालयाची परंपरा त्याच शतकाच्या मध्यापासूनची मानतात. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली, १९१९ साली बाबुराव ठाकुरांनी तरुण भारत काढला, १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथंच भरलं, १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेत डॉ. आंबेडकर बोलले. म्हणजे मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळायच्या कितीतरी आधीपासून या भागात सभा ऐकायची आणि पेपर वाचून त्यावर हुज्जत घालायची सवय होती. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्यामागं ही सगळी तयारी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका सोडून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केलेला खटला हे स्वतंत्र विषय आहेत. इथं मुद्दा एवढाच की सीमा कुठंही पडली तरी नागरिकाचा माहितीचा हक्क संपत नाही, आणि तो शाबूत राहावा म्हणून तेव्हापर्यंत काही तरतुदी केल्या होत्या ज्या आज फार कमी लोकांना माहीत आहेत.

त्यातली पहिली घटनेतलीच, कलम ३५०. आपली तक्रार किंवा गाऱ्हाणं केंद्राच्या वा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. ३५०-क (मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण) आणि ३५०-ख (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी) ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली, त्यातून १९५७ ला भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं कार्यालय झालं आणि त्याचं एक विभागीय ऑफिस बरीच वर्षं बेळगावात होतं. दुसरी तरतूद १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातली, ज्या जिल्ह्यात किंवा तालुका-नगरपालिकेसारख्या छोट्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही छापावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक १८ टक्क्यांच्या वर आहेत, खानापूर तालुक्यात तर प्रमाण आणखी कितीतरी जास्त. सीमाभागात लोक जे '१५ टक्क्यांचा नियम' म्हणतात ते हेच, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या निवेदनांत त्याच्या जोडीला कर्नाटकाच्या १९८१ च्या स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) कायद्याचा हवालाही असतो. खरी मेख अशी की केंद्राचं निवेदन हे धोरण आहे, कोर्टात सहज बजावून घेता येईल असा कायदा नाही, त्यामुळे आयुक्तांचे अहवाल निघत राहतात आणि मराठी परिपत्रकं मागण्यासाठी मोर्चेही निघत राहतात.

माहिती अधिकार कायदा २००५ आला तेव्हा हा प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटलं. पण कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, आणि बेळगावची राजभाषा कन्नड, म्हणजे मराठी अर्ज सरळसरळ यात बसत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४(४) मध्ये मात्र सरकारनं स्वतःहून जी माहिती जाहीर करायची ती देताना त्या भागातली स्थानिक भाषा लक्षात घ्यावी असं म्हटलंय. आता काही जण म्हणतात स्थानिक भाषा म्हणजे राजभाषाच, पण मग कायदा करणाऱ्यांनी दोन कलमांत दोन वेगळे शब्द का वापरले याचं उत्तर मिळत नाही, त्यामुळे लोक प्रत्यक्ष बोलतात-वाचतात ती भाषा हा अर्थ जास्त बरोबर दिसतो. तोपर्यंत व्यवहारातला मार्ग म्हणजे अर्ज हिंदीत करायचा, देवनागरी असल्यानं मराठी माणसाला तो लिहायला जड जात नाही, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, ती विसरली की अर्ज अडतो.

हे सगळं कशासाठी ते जमिनीच्या उताऱ्यावरून कळतं. कर्नाटकात २००० च्या आसपास भूमी प्रकल्पातून जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर गेले, नाडकचेरीत (गावाजवळच्या महसूल कार्यालयात) पैसे भरले की छापील उतारा हातात पडतो, सोय मोठी झाली यात शंका नाही, पण तो पूर्ण कन्नडमध्ये. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं, ते तरी माणूस कुणाला विचारून ओळखीचं करून घेतो, पण ११ नंबरच्या रकान्यात हक्क आणि बोजा, म्हणजे सोसायटीचं कर्ज, बँकेचं तारण, कोर्टाची स्थगिती, हे असतं आणि तिथंच शेतकरी दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबतो. जो वाचून सांगतो तो कधी पोरगा असतो, कधी एजंट. ज्या घरातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या काळचे मराठी, काही मोडीतले कागद आहेत त्याच घरात आजचा उतारा वाचता येत नाही, ही गोष्ट मनाला लागते. म्हणून कन्नड लिपी शिकणं आणि मराठी प्रत मागणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्यात असं म्हणणारे आता वाढतायत आणि ते बरोबर आहेत, त्यात अस्मिता कुठं कमी होत नाही.

मतदाराच्या माहितीबद्दल सुप्रीम कोर्टाचे निकाल देशभर लागू आहेत. १९७५ च्या राज नारायण प्रकरणात जनतेचा जाणून घ्यायचा हक्क मान्य झाला, २००२ च्या निकालानं उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करावं लागलं, २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द झाले. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं इथं बहुतेक इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतात, गावातला मराठी मतदार ती उघडून बघतो असं क्वचितच. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले, सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून समितीनं हा मार्ग घेतला. काही जण याला निवडणुकीचा खेळखंडोबा म्हणतात, पण सनदशीर मार्गानं देशाला आपली गोष्ट सांगायचा तो प्रयत्न होता असंच मानणं योग्य. त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली, अशा मतदारसंघांचा त्या बदलाशी संबंध जोडला जातो.

ग्रामसभा कायद्यानं सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. नोटीस पंचायतीच्या भिंतीवर लागते, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) कामांची यादी कन्नडमध्ये वाचतात, मग सदस्यांपैकी कुणीतरी मराठीत थोडक्यात सांगतो, आणि त्या थोडक्यात आकडे गळतात. कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार एवढं तरी मराठीत फळ्यावर लिहून मागता येतं, ते मागावं. माहिती अर्जाला उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील, आणि आयोगाचं खंडपीठ आता बेळगावात असल्यानं त्यासाठी बेंगळूरची वारी करावी लागत नाही.