ली, जेट (ली ल्येनज्ये)

(२६ एप्रिल १९६३ – ). चिनी वुशूपटू (वुशू म्हणजे चिनी युद्धकला) आणि चित्रपट अभिनेते. जन्म बीजिंगमध्ये. १९७० च्या दशकात राष्ट्रीय वुशू स्पर्धांत पाच वेळा सर्वंकष विजेतेपद मिळवल्यावर १९८२ मध्ये ते पडद्यावर आले. पुढे मुख्य चीन, हाँगकाँग आणि हॉलिवूड अशा तीन निरनिराळ्या रीतींच्या चित्रपटसृष्टींत त्यांनी नायक म्हणून काम केले. 'पडद्यावर आलेला खरा लढवय्या' असे त्यांचे वर्णन सर्रास केले जाते, पण ते फसवे आहे. त्यांची पदके समोरच्याला पाडून मिळवलेली नाहीत. वुशूच्या स्पर्धांत दोन वेगळ्या शाखा असतात. सांडा ही प्रत्यक्ष झुंज असते, तर ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम परीक्षकांपुढे एकट्याने किंवा जोडीने सादर करणे. ली ताओलूचे खेळाडू. म्हणजे दिसण्यासाठीच घडवलेले शरीर कॅमेऱ्याला आयते मिळाले, आणि त्यांच्या कारकिर्दीतले बहुतेक चढउतार या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

तालीम. पाच भावंडांत ली सर्वांत धाकटे. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आठव्या वर्षी ते बीजिंगच्या शिचाहाय क्रीडाशाळेत वुशू शिकू लागले आणि प्रशिक्षक वू बिन यांच्या हाताखाली बीजिंगच्या संघात दाखल झाले. १९७४ मध्ये चिनी वुशू पथक अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापुढे जे प्रात्यक्षिक झाले, त्यात अकरा वर्षांचे ली होते.

या तालमीत नेमके काय घडवले जाते, हे पाहायला हवे. ताओलूचा आजचा प्रमाण गालिचा १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतो. 'चांगच्युआन' म्हणजे लांब पल्ल्याची उत्तरेकडची मुष्टिशैली. तिचा क्रम निदान १ मिनिट २० सेकंद चालावा लागतो. आजच्या नियमांत १० पैकी ५ गुण हालचालींच्या अचूकतेला, ३ एकूण सादरीकरणाला आणि २ अवघड उड्या व त्यांना जोडून येणाऱ्या हालचालींना असतात. ली खेळत होते तेव्हाचे नियम वेगळे होते आणि उड्या इतक्या गिरक्यांच्या नव्हत्या, पण परीक्षकाची नजर तीच. गुडघा किती वाकला, पाऊल कोणत्या कोनात पडले, लाथ कपाळापर्यंत गेली की नाही, आणि मुख्य म्हणजे वेगात आलेली हालचाल एका क्षणात पुतळ्यासारखी थांबली का. हा थांबा चित्रपटाच्या फार कामाचा. धावपळीच्या दृश्यात प्रेक्षकाला काय घडले ते त्या अर्ध्या सेकंदाच्या थांब्यात वाचता येते, आणि संकलकाला कात्री लावायला तिथेच जागा मिळते.

शस्त्रेही त्याच हिशेबाची असतात. स्पर्धेतल्या 'दाओ' या वाकड्या तलवारीचे आणि 'ज्येन' या सरळ तलवारीचे पाते इतके पातळ असते की झटका दिला की ते थरथरते आणि वाजते. लढाईत असले पाते निरुपयोगी, पण प्रकाशात लखलखायला उत्तम. काठी आणि भाल्याचा दांडा पांढऱ्या लवचीक लाकडाचा असतो. तो जमिनीवर आपटला की वाकून परत उसळतो. 'दुइल्येन' म्हणजे दोघांनी किंवा तिघांनी आधी बसवलेली लढत. तिच्यात भाल्याचे टोक गळ्यापासून बोटभर अंतरावरून जाते आणि दोघांचा ताल चुकला तर रक्त निघते. हे खेळाडू चित्रपटात आले तेव्हा जोडीदारासोबत लढत पाठ करणे त्यांना नव्याने शिकावे लागले नाही.

या तालमीची किंमत गुडघे भरतात. उंच फिरत्या लाथेनंतर सगळा भार एका पायावर, तोही पिळलेल्या अवस्थेत येतो. पाऊल गालिच्यावर चिकटले आणि मांडी फिरत राहिली की सांध्याचे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात. गुडघ्याच्या दुखापतीमुळेच ली यांना विशीच्या आत स्पर्धा सोडावी लागली.

'शाओलिन टेम्पल' (१९८२). हाँगकाँगच्या एका कंपनीसाठी दिग्दर्शक चांग सिन-येन यांनी मुख्य चीनमध्ये हा चित्रपट केला. हनान प्रांतातल्या शाओलिन मठाच्या परिसरात त्याचे चित्रण झाले. भूमिकांसाठी नटांऐवजी वुशूपटूच निवडले. ली यांच्यासोबत यू हाय, यू चंगह्वी, हू च्येनच्यांग, ची चुनह्वा असे वेगवेगळ्या प्रांतांतले खेळाडू होते. त्यामुळे या चित्रपटातल्या लढती तुलनेने लांबून आणि सलग दिसतात. पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण माणूस चौकटीत असतो आणि दहा-बारा हालचाली एका दमात होतात. दृश्य म्हणून ते आजही थक्क करते, पण नाट्य म्हणून कच्चे वाटते, कारण दोन स्पर्धकांचे प्रदर्शन पाहतो आहोत ही जाणीव पुसली जात नाही. चीनमध्ये चित्रपट तुफान चालला आणि ओस पडलेल्या शाओलिन मठाकडे माणसांची रीघ लागली. 'जेट' हे नाव याच सुमाराचे. फिलिपीन्समधल्या वितरकांना मूळ नाव उच्चारायला अवघड वाटले, म्हणून त्यांनी विमानाच्या उड्डाणावरून ते ठेवले.

नंतर 'किड्स फ्रॉम शाओलिन' (१९८४) आणि लाऊ कार-लेउंग यांचा 'मार्शल आर्ट्स ऑफ शाओलिन' (१९८६) हे चित्रपट आले. १९८६ च्याच 'बॉर्न टू डिफेन्स'चे दिग्दर्शन ली यांनी स्वतः केले. तो पडला आणि त्यांनी पुन्हा दिग्दर्शन केले नाही.

हाँगकाँग आणि वाँग फेइ-हुंग. कारकिर्दीला खरे वळण दिले ते त्सुई हार्क यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' (१९९१) या चित्रपटाने. फोशानचा वैद्य आणि कुंगफूचा गुरू वाँग फेइ-हुंग ही दक्षिण चीनमधल्या कँटनच्या लोकांची लाडकी व्यक्तिरेखा. १९४९ पासून क्वान ताक-हिंग यांनी ती कितीतरी चित्रपटांत प्रौढ, धीरगंभीर करून ठेवली होती. तिथे बीजिंगचा, कँटोनीज न बोलणारा, अठ्ठावीस वर्षांचा तरुण आणणे धाडसाचे होते. जाणकारांना आणखी एक गोष्ट खटकते आणि तिच्यात तथ्य आहे. वाँग यांची शैली हुंग गार, म्हणजे दक्षिणेकडची. पाय रोवलेले, भर हातांवर. ली यांच्या अंगात मात्र उत्तरेची चांगच्युआन मुरलेली. म्हणून पडद्यावरचा वाँग उंच लाथा मारतो, लांब पवित्रे घेतो, हवेत फिरतो. शैलीच्या इमानाने पाहिले तर हे चूक, आणि चित्रपट चालला तो त्याच चुकीमुळे. भाषेची अडचण आली नाही. त्या काळी हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट मुके चित्रित होत आणि संवाद नंतर दुसऱ्यांच्या आवाजात भरले जात. त्याचा एक फायदा असा की लढत चालू असताना अ‍ॅक्शन दिग्दर्शक बाजूने मोठ्याने ताल मोजू शके.

हाँगकाँगची पद्धत शाओलिनच्या सलग दृश्यांच्या अगदी उलटी. पूर्ण लढत एकदम बसवत नाहीत. सेटवरच चार-सहा हालचालींचा तुकडा ठरतो, त्या तुकड्याला शोभेल अशी कॅमेऱ्याची एकच जागा निवडली जाते आणि तो मनासारखा होईपर्यंत घेतला जातो. पुढचा तुकडा मागच्याच्या शेवटच्या हालचालीपासून सुरू होतो, म्हणजे जोड हालचालीच्या मधोमध बसतो आणि डोळ्याला कळत नाही. पर्यायी कोनातून काहीच घेतलेले नसते, त्यामुळे एखादा तुकडा फसला तर संकलनात तो झाकायला दुसरे काही हाताशी नसते. फटका न लागता लागल्यासारखा दिसावा म्हणून कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या पाठीमागून लावतात. मूठ आणि गाल यांतली वीतभर फट त्या रेषेत लपते. कॅमेरा थोडा बाजूला सरकला की फट उघडी पडते. धडावरचे फटके मात्र बऱ्याचदा खरेच लागतात, फक्त आतून पट्ट्या असतात आणि कपड्यांवर पावडर मारलेली असते. ती उडाली की जोर 'दिसतो'.

वेग वाढवायला कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० चौकटींनी चालवतात. दाखवताना २४ चौकटी जातात, म्हणजे हालचाल अनुक्रमे ९ आणि २० टक्के जलद होते. याच्या पुढे गेले की केस, कपड्यांची टोके आणि पाणी चुगली करतात. ते कीटकांसारखे थरथरताना दिसतात. ली यांच्यासाठी ही युक्ती कमी लागे, पण समोरचा नट सावकाश असेल तर दोघांना एकाच वेगात बसवायला वापरावी लागे.

आणि तारा. कपड्यांखाली पट्ट्यांचा पेहराव असतो, कमरेच्या दोन्ही बाजूंना बारीक पोलादी तारा, त्या कप्पीवरून जातात आणि दुसऱ्या टोकाला माणसे असतात. तार कमरेच्या वर बांधली तर पाय लोंबकळतात आणि माणूस खुंटीवरच्या सदऱ्यासारखा दिसतो. कमरेशी बांधली तर नटाला पोट आणि पाठ आवळून स्वतःचा तोल सावरावा लागतो. ताओलूच्या खेळाडूंना हे जमते. उडण्यापेक्षा उतरण्यात धोका जास्त, कारण ओढणाऱ्यांनी दोर अर्धा क्षण आधी सोडला तर घोटा जातो. 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' मालिकेच्या पहिल्या भागाच्या चित्रणात ली यांच्या पायाला दुखापत झाली आणि शेवटच्या, शिड्यांवरच्या प्रसिद्ध लढतीतला मोठा भाग बदली खेळाडूंनी केला. चित्रपटाचा सर्वांत गाजलेला तुकडा नायकाच्या अनुपस्थितीत उभा राहिला, हे त्या पद्धतीच्या ताकदीचे उदाहरण म्हणावे लागेल. दुसऱ्या भागात (१९९२) ली विरुद्ध डॉनी येन ही काठी आणि पिळलेल्या ओल्या कापडाची लढत आहे, आणि इथे दोन्ही बाजूंना खरे कसब आहे. तिसऱ्या भागानंतर (१९९३) ली बाहेर पडले आणि सहाव्या भागात (१९९७) परतले.

१९९३ हे वर्ष त्यांच्या कामाच्या दृष्टीने भरगच्च. कोरी युएन यांचा 'फोंग साय युक' आणि युएन वू-पिंग यांचा 'ताय ची मास्टर' त्याच वर्षीचे. पण एकच चित्रपट पाहायचा असेल तर 'फिस्ट ऑफ लेजंड' (१९९४) पाहावा. ब्रूस ली यांच्या १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'चा हा नवा अवतार. त्याचे अ‍ॅक्शन दिग्दर्शक युएन वू-पिंग यांनी तारा जवळपास बाजूला ठेवल्या, हातांच्या लढती जवळून आणि ठाशीव बसवल्या. यासुआकी कुराता यांच्याशी होणाऱ्या लढतीत दोघे डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि ऐकण्यावर लढतात. तिथे वेगापेक्षा विरामच जास्त बोलतात. दिग्दर्शक वाचोव्स्की यांनी 'द मेट्रिक्स'साठी (१९९९) युएन वू-पिंग यांना बोलावले, त्यामागे हा चित्रपट होता.

हॉलिवूड. 'लीथल वेपन ४' (१९९८) मध्ये ली प्रथमच खलनायक झाले आणि मेल गिब्सन यांच्यासमोर कमी संवादांत भाव खाऊन गेले. चित्रणात त्यांना हालचाली सावकाश करायला सांगावे लागले. यात जाहिरातबाजी कमी आणि गणित जास्त आहे. २४ चौकटींच्या कॅमेऱ्यात एकेका चौकटीवर साधारण १/४८ सेकंद प्रकाश पडतो. सेकंदाला ८ मीटर वेगाची मूठ तेवढ्यात सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे चौकटीत मूठ नसून धुरकट पट्टा उमटतो. त्यात कॅमेरा जवळ असेल तर काहीच कळत नाही.

'रोमियो मस्ट डाय' (२०००) मध्ये तारा भरपूर, शिवाय मोडणारी हाडे दाखवणारी क्ष-किरण दृश्ये. सबंध शरीर पाहण्यात ज्याची मौज, त्याला तुकड्यांत कापून काय मिळवले, असा प्रश्न तेव्हाही पडला आणि आजही पडतो. 'किस ऑफ द ड्रॅगन' (२००१) मध्ये ली यांनी मुद्दाम तारा आणि संगणकाचा आधार कमी ठेवला. चांग यिमो यांच्या 'हीरो'मध्ये (२००२) तारा पुन्हा आल्या, पण अ‍ॅक्शन दिग्दर्शक चिंग स्यू-तुंग यांनी त्या खऱ्या दिसण्यासाठी वापरल्याच नाहीत. पटखेळाच्या अंगणातली ली आणि डॉनी येन यांची लढत मनात चालते, म्हणून तिथे उडणे खटकत नाही.

उत्तरकाळ. २००६ च्या 'फिअरलेस'मध्ये त्यांनी थ्येनचिनचे कुंगफूवीर हुओ युआनज्या (१८६८–१९१०) यांची भूमिका केली आणि हा आपला शेवटचा वुशूपट असे जाहीर केले. मारामाऱ्या मात्र त्यानंतरही झाल्या. 'द वॉरलॉर्ड्स'साठी (२००७) त्यांना हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. विशेष म्हणजे तो पाठ केलेल्या लढतींवर नव्हे, चेहऱ्यावर मिळाला. 'द फरबिडन किंगडम' (२००८) मध्ये जॅकी चॅन यांच्याशी पहिली लढत झाली. 'ओशन हेवन'मध्ये (२०१०) ते स्वमग्न मुलाचे मरणासन्न वडील होते आणि त्यात एकही मारामारी नाही. २००४ च्या त्सुनामीत ते मालदीवमध्ये कुटुंबासह अडकले होते. त्यानंतर २००७ मध्ये त्यांनी 'वन फाउंडेशन' ही मदतसंस्था सुरू केली. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या अतिक्रियेचा विकार आणि जुन्या दुखापती यांमुळे पुढे भूमिका विरळ झाल्या. 'मुलान' (२०२०) मध्ये ते सम्राट आहेत.

'द मेट्रिक्स'च्या पुढच्या भागांतली सेराफची भूमिका त्यांनी नाकारली होती. त्याचे कारण त्यांनी २०१८ मध्ये सांगितले. तीन महिन्यांच्या चित्रणानंतर सहा महिने त्यांच्या सगळ्या हालचाली संगणकात नोंदवून घ्यायच्या होत्या आणि त्यांची मालकी निर्मात्यांकडे राहणार होती. आयुष्यभर घोटलेल्या हालचाली अशा परक्या मालकीच्या होऊ देणे त्यांना मान्य नव्हते. ती भूमिका कॉलिन चौ यांनी केली, आणि पुढे 'फिअरलेस'मध्ये हेच चौ ली यांचे वडील झाले.