फेअर आयल स्वेटर : उरलेल्या लोकरीचे नियोजन

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या दरम्यान असलेल्या फेअर आयल या लहानशा बेटाच्या नावाने ओळखली जाणारी ही रंगीत नक्षीच्या विणकामाची पद्धत आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढील काळातील राजा आठवा एडवर्ड याने, असा स्वेटर वापरल्यामुळे तिला बेटाबाहेर मोठी मागणी आली. स्वेटर कितीही रंगांचा असला, तरी पारंपरिक रीतीत एका ओळीत दोनच रंग असतात आणि ज्याची पाळी नसेल तो धागा टाक्यांच्या मागून सैलसर नेला जातो. त्यामुळेच एखादा रंग चार-पाच ओळींपुरता येऊन गेला तरी वीण अपुरी वाटत नाही, आणि जुन्या कामांतून उरलेले लहान गुंडे वापरण्यास ही पद्धत फार सोयीची पडते.

नियोजनाचा आरंभ रंगांपासून नव्हे, वजनापासून करावा. सर्व गुंडे एकाच जाडीचे आहेत याची खात्री करून प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवावे आणि मग नमुना विणून पाहावा. समजा, ७० टाक्यांच्या १० फेऱ्यांना पार्श्वभूमीच्या रंगाची १ ग्रॅम लोकर लागली, तर २८० टाक्यांच्या घेराला तितक्याच फेऱ्यांसाठी सुमारे ४ ग्रॅम लागेल आणि २० ग्रॅमचा गुंडा साधारण ५० फेऱ्या पुरेल. मात्र पट्टीची नक्षी मधल्या ओळीच्या वर आणि खाली सारखी असल्याने मधली ओळ सोडता प्रत्येक रंग दोनदा येतो, हे हिशेबात धरावे लागते. दोन्ही बाह्यांसाठीची लोकर तर आधीच तोलून निराळी ठेवावी. एका बाहीत पोपटी पट्टी आली आणि दुसरीच्या वेळी तो गुंडा संपला, तर सगळी वीण उसवण्यावाचून गत्यंतर नसते. अगदी थोडा उरलेला रंग मनगटाजवळ घालावा, कारण तिथे घेर लहान असतो.

रंग निवडताना बहुतेकांची चूक होते ती गडद-फिकेपणाकडे दुर्लक्ष केल्याने. लाल आणि हिरवा हे रंग शेजारी ठेवले असता ठळक दिसतात, परंतु दोन्ही सारखेच गडद असतील तर विणल्यावर दुरून नक्षी नाहीशी होते. गुंड्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढल्यास हा दोष लगेच उघड होतो: जे दोन गुंडे त्यात एकसारखे करडे दिसतात, ते एका ओळीत घेऊ नयेत. गडद रंग पार्श्वभूमीला आणि फिके नक्षीला, किंवा याच्या उलट, अशी विभागणी एकदा ठरली की आठ-दहा बेमेळ रंगही एकत्र नांदतात.

आपल्याकडे लोकर म्हणून विकला जाणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. खऱ्या लोकरीत तो मिसळल्यास धुतल्यावर पट्ट्या निरनिराळ्या आक्रसतात, म्हणून नमुना धुऊन, वाळवून मगच मोजावा. गडद लाल रंग पांढऱ्यावर उतरतो की नाही, हेही त्याच वेळी कळते. शेटलंडमध्ये अंगाचा भाग नळीसारखा गोल विणून बाह्यांसाठी आणि पुढील उघडीसाठी तो कात्रीने कापण्याची रीत आहे. तिथली खरबरीत लोकर एकमेकींना धरून राहते म्हणून ते साधते, गुळगुळीत ॲक्रिलिकचे टाके मात्र कापताच सुटू लागतात.