ठणका, कळ, आग आणि एकच ‘नोवु’

गळू ठणकते, पोटात कळ येते, दाढेतून तिडीक उठते, कंबरेत उसण भरते, नागीण झाली की अंगाची आग होते आणि मधुमेह जुना झाला की तळपायांना मुंग्या येतात. यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. या शब्दांना आपण भाषेची श्रीमंती म्हणतो. वेदनाशमनाच्या शास्त्रात मात्र ती निदानाची साधने आहेत. ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तातला प्राणवायू बोटाला चिमटा लावून कळतो. वेदना किती आणि कशी आहे, हे मात्र रुग्णाच्या तोंडूनच ऐकावे लागते. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेली आणि जगभर वापरली गेलेली मॅकगिल वेदना-प्रश्नावली म्हणजे मुळात वेदनेचे वर्णन करणाऱ्या 78 शब्दांची यादीच आहे.

शब्दावरून औषध बदलते, हे येथे महत्त्वाचे. इजा झालेल्या नसेतून उठणारी वेदना आग, चमक किंवा मुंग्या अशा रूपात जाणवते आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी, नसांतून सुटणाऱ्या संदेशांना आवर घालणारी औषधे लागतात. आतड्याचे स्नायू आवळल्याने येणारी कळ ते सैल करणाऱ्या औषधाने थांबते, तर हाडात उतरलेल्या कर्करोगाचा ठणका सूज कमी करणारी औषधे, मॉर्फिन आणि रेडिएशन यांनी कमी होतो. रुग्णाने ‘आग’ म्हटले आणि कागदावर नुसते ‘दुखते’ असे उतरले, तर औषध चुकण्याची शक्यता तेथेच निर्माण होते.

आजार बरा होवो वा न होवो, रुग्णाचा त्रास कमी करणे हे उपशामक सेवेचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे काम आहे. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉंडर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस असलेल्या रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, सुरू केले आणि शरीराचे दुखणे, मनातली भीती, घरच्यांची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न मिळून रुग्णाची एकच अखंड वेदना बनते, असा विचार मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांपैकी जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. डॉक्टर आणि रुग्ण यांची भाषा वेगळी असेल व मध्ये प्रशिक्षित दुभाषा नसेल, तर शेवटच्या दिवसांतले वेदनाशमन कमी पडते, असे परदेशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 47 लाख 80 हजार होती आणि तिचा जवळपास पाचवा हिस्सा मराठी मातृभाषेचा आहे. खानापूर, निपाणी आणि खुद्द बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांत म्हातारी माणसे बाजारापुरते कन्नड बोलतात. दुखणे सांगण्यापुरते मात्र त्यांना ते येत नाही. एरवी याची अडचण जाणवत नाही, कारण सोबत मुलगा, सून किंवा शेजारचा कोणी असतोच. कोरोनाच्या साथीने नेमका हाच घरचा दुभाषा वॉर्डच्या दाराबाहेर ठेवला. संसर्ग रोखण्यासाठी तसे करणे आवश्यक होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्याच्या जागी दुसरी कोणतीही सोय झाली नाही.

मे 2021 मध्ये माझी आत्या अशाच एका वॉर्डात होती. कर्करोग मणक्यात उतरलेला आणि त्यात कोरोना. रात्रपाळीच्या सिस्टर विजयपूरकडच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि आत्याला कन्नड. दोघींना समजणारा एकच शब्द होता, ‘अक्का’, आणि त्या एकमेकींना त्याच नावाने हाक मारीत. दोन दिवस केसपेपरवर ‘नोवु’, म्हणजे दुखणे, एवढेच नोंदले गेले आणि तीच ती गोळी चालू राहिली. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्या आतेभावाला फोन लावून तो आत्याच्या कानाशी धरला, तेव्हा ती म्हणाली, “ठणका न्हवं रे, कंबरेतनं पायात आग उतरतीया.” त्याने सिस्टरांना ‘उरि’ हा शब्द सांगितला. आग होण्यासाठी कन्नडमध्ये ‘उरि’ आहे, ओढ लागण्यासाठी ‘सेळेत’ आहे. ती भाषा आपल्याइतकीच संपन्न आहे. उणीव होती ती दोन शब्दांची गाठ घालून देणाऱ्या माणसाची. डॉक्टरांनी औषध बदलले. आत्या वाचली नाही; मात्र शेवटचे पाच दिवस तिला झोप लागली.

त्या साथीत वेदनेपेक्षाही मोठे दुखणे धापेचे होते. अल्प मात्रेतले मॉर्फिन फुप्फुस सुधारत नाही. ते मेंदूतल्या ग्राहींवर, म्हणजे औषधाचा संदेश टिपणाऱ्या जागांवर, काम करून हवेसाठी होणारी तगमग कमी करते. चेहऱ्यावर गार वारा घेतल्यानेही ही तगमग कमी होते, कारण गालावरच्या नसा तो संदेश मेंदूला देतात. पण विषाणू पसरण्याच्या भीतीने पंखा टाळण्याच्या सूचना होत्या आणि त्यामुळे भिस्त औषधावर अधिक आली. ‘मॉर्फिन म्हणजे शेवटचे इंजेक्शन’ हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. तो दूर करायचा, तर घरच्यांशी त्यांच्याच भाषेत आणि सवडीने बोलावे लागते. कोल्हापूरहून निघालेला नातेवाईक राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरच्या अहवालासाठी अडला असेल, तर हे बोलणे फोनवरच व्हायचे.

अंत्यविधीबाबतही असेच घडले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवण्यास आणि मृतदेहाला स्पर्श न करता धार्मिक विधी करण्यास मुभा होती. राखेपासून धोका नाही, ती विधीसाठी गोळा करता येते, असेही त्यांत स्पष्ट होते. हे वेळेवर मराठीतून सांगितले गेले असते, तर अस्थी सावडायला जाण्याची भीती कितीतरी घरांना वाटली नसती.

जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे देशाने स्वीकारलेले संरक्षण आहे. ते महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांसाठीही तितकेच खरे आहे आणि त्यांच्यासाठीही ते पाळले गेले पाहिजे. दोन्ही भाषा येणाऱ्या आशाताई गावोगावी आहेत. साथीच्या काळात त्यांना फोनवरच्या दुभाष्याचे काम, त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला देणे अवघड नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक खाटेला अडकवलेले दुभाषी कार्ड.

आत्याच्या सिस्टरांनी ते स्वतःच करून घेतले होते. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी कन्नड लिपीत मराठी शब्द लिहिले होते: आग, ठणका, कळ, धाप, पाणी, कूस बदला, पोराला फोन. त्यांत ‘भ्या वाटतंय’ हे नव्हते. छापील कार्ड होईल तेव्हा ते धापेच्या शेजारीच हवे, कारण धापेने भीती वाढते, भीतीने श्वास उथळ आणि जलद होतो आणि त्याने धाप आणखी वाढते.