लोखंडाच्या गावातून रबराकडे: टायर अभियांत्रिकीची सुरुवात

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या पाहत शिकलेल्या कोल्हापूरच्या मेकॅनिकल अभियंत्याला धातूचा स्वभाव चांगला ठाऊक असतो; टायरच्या क्षेत्रात शिरताना मात्र त्यातले बरेचसे बाजूला ठेवावे लागते. ओतीव लोखंडाची ताठरता तक्त्यातून उचलून आकडेमोडीत घालता येते. रबराची ताठरता तापमानावर, ताणाच्या प्रमाणावर आणि तो ताण किती वेगाने दिला जातो यावर बदलत राहते, आणि टायरची रचना व चाचणी या दोन्ही कामांचे मर्म याच बदलात आहे.

एका चाकावर 300 किलो भार आणि टायरमध्ये 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग अंदाजे 130 चौरस सेंटिमीटर, जेमतेम तळहाताएवढा भरतो. ब्रेक आणि वळण यांचा सारा जोर एवढ्याशा जागेने पेलायचा असतो.

ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला साधारण 12 फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात रबर दबते, सुटते आणि दबताना घेतलेली ऊर्जा पुरती परत न देता काही उष्णतेत घालवते. इंधन वाचवायचे तर ही हानी कमी हवी. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला की तेच रबर खडीच्या सूक्ष्म उंचवट्यांवरून घसरताना सेकंदाला हजारो वेळा दबते, आणि तिथे हानी जास्त असेल तरच पकड मिळते. हा पेच मोजता येतो, कारण दबण्या-सुटण्याचा वेग वाढणे आणि तापमान उतरणे यांचा रबरावर होणारा परिणाम बराचसा सारखा असतो. म्हणूनच प्रयोगशाळेत लहानशा नमुन्याची ऊर्जाहानी 60 अंश सेल्सिअसला मोजून इंधनखर्चाचा, तर शून्य अंशाच्या आसपास मोजून ओल्या पकडीचा अंदाज बांधतात. 1990च्या दशकात ट्रेडमधल्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरातल्या, कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या पुडीची जागा मोठ्या प्रमाणावर सिलिका या पांढऱ्या खनिज पुडीने घेतली, ती दोन्ही आकडे एकाच वेळी सुधारता आले म्हणून.

पहिल्याच वर्षी ट्रेडची नक्षी आखायला मिळेल, अशी आशा नव्या अभियंत्याने धरू नये. नेमणूक चाचणी विभागात झाली तर, माझ्या मते, ते भाग्यच समजावे. तेथे टायर भाराखाली ड्रमवर तासन्‌तास पळवतात, मग कापून तपासतात. हवा कमी किंवा भार जादा असला की टायरची बाजू अधिक वाकते, उष्णता साठते आणि रेडियल टायरमध्ये ट्रेडखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडांपाशी रबर सुटू लागते. संगणकावरील प्रतिमान कितपत खरे, हे अशा कापलेल्या तुकड्यावरच ठरते.

रबर तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आयआयटी खरगपूरला मिळते. वाहन चाचणीसाठी पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तर इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रामध्ये 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे.

तोवर विद्यार्थ्याने ऊस हंगामात जुन्या टायरवर नवा थर चढवणाऱ्या एखाद्या रिमोल्डिंगच्या दुकानात जाऊन ट्रॉलीचे जुने टायर नीट पाहावेत. मधोमध झीज असेल तर हवा भारापेक्षा जास्त भरलेली होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर ती कमी पडली होती किंवा ट्रॉली क्षमतेपेक्षा जास्त भरली होती, आणि एकच कड खाल्ली गेली असेल तर दोष बहुधा टायरचा नसून अॅक्सलचा असतो.