पोट दगडासारखं होतंय, पण या खऱ्या कळा आहेत का?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला, ताई पोट एकदम दगड होतंय गं, मिनिटभराने सैल पडतं आणि परत तेच. तिला बत्तिसावा आठवडा चालू होता. मी डॉक्टर नाही, कॉलेजात बायोलॉजी शिकवते, पण घरात सगळ्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. म्हटलं आधी तुझ्या डॉक्टरला फोन लाव, तोवर लघवीला जाऊन ये, पाणी पी आणि कुशीवर पड. मागून मावशीचा आवाज येतच होता, "आठवा लागलाय, आठव्यातलं बाळ जगत नाही!"

मावशीच्या बोलण्याकडे नंतर येते. आधी पोट कडक का होतं ते बघू.

गर्भपिशवी म्हणजे मुळात स्नायूच, आणि स्नायू आहे म्हटल्यावर तो अधूनमधून आवळणारच. 1872 मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरने हे लिहून ठेवलं, म्हणून त्यांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात, आपल्याकडे सरळ खोट्या कळा. मला हा शब्द फारसा पटत नाही कारण आवळणं खरंच असतं, दुखतंही कधीकधी, फक्त त्याने बाळंतपण पुढे सरकत नाही. दिवसभर उभं राहून काम झालं, पाणी कमी पडलं, लघवी तुंबली की हे वाढतं आणि संध्याकाळनंतर जास्त जाणवतं.

मग खऱ्या कळांमध्ये वेगळं काय? गंमत पेशींच्या पातळीवर आहे. गरोदरपणात बराच काळ पिशवीतल्या स्नायूपेशी एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात, त्यामुळे एका कोपऱ्यात आवळलं तरी ते तिथेच विरतं, म्हणजे वर्गात मागच्या बाकावर दोघांनी टाळ्या वाजवल्यासारखं. बाळंतपण जवळ आलं की पेशींमध्ये कनेक्सिन 43 नावाच्या प्रोटीनची बारीक भोकं तयार होतात, त्यांतून विजेचा सिग्नल एका पेशीतून दुसरीत जातो आणि सगळी पिशवी एका ठेक्यात आवळायला लागते. सोबत पिशवीचं तोंड मऊ होतं, आखूड होतं, उघडायला लागतं. म्हणून डॉक्टर नुसतं किती दुखतंय एवढं विचारून थांबत नाहीत, तोंड तपासतात, गरज पडली तर आतून सोनोग्राफी करून त्याची लांबी मोजतात. बहिणीला त्याच रात्री बोलावलं, पोटाला पट्टे बांधून अर्धा तास ग्राफ काढला, तोंड बंद आणि लांब होतं, पहाटे घरी. लघवीत मात्र इन्फेक्शन निघालं, जे कळा चाळवण्याचं अगदी नेहमीचं कारण.

तिला नंतर लाज वाटत होती, उगाच सगळ्यांना उठवलं म्हणून. काही उगाच नाही! वेळेआधीच्या कळा म्हणून ज्यांना अ‍ॅडमिट करतात त्यातल्या साधारण निम्म्या बायका पुढे पूर्ण दिवस भरूनच बाळंत होतात, आणि कोण कुठल्या निम्म्यात आहे हे घरी बसून कळत नाही. त्यामुळे 37 आठवड्यांच्या आत दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट आवळत असेल, पाणी गेलं, रक्त दिसलं, कंबर सारखी धरतेय, ओटीपोटात खाली दाब येतोय, किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर झोपून बघू म्हणायचं नाही, निघायचं.

कारण कळा खऱ्या असल्या तर एकेक तास मोलाचा असतो. कळा थांबवायच्या गोळ्या (नेहमीची म्हणजे निफेडिपिन, तीच बीपीचीही) बाळंतपण महिनाभर लांबवत नाहीत, दोन दिवस मिळाले तरी खूप. पण तेवढ्यात आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात. याची गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स हे डॉक्टर बाळंतपण सुरू कशाने होतं ते शोधत होते, त्यासाठी पोटातल्या कोकरांना स्टिरॉइड देत होते, आणि एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. फुफ्फुसं वेळेआधी पिकली होती! मग त्यांनी हाउई या सहकाऱ्याबरोबर बायकांमध्ये ट्रायल केली, ती 1972 मध्ये छापून आली, ब्रॅक्स्टन हिक्सच्या बरोबर शंभर वर्षांनी. आज आपल्याकडे सरकारी गाइडलाइनमध्ये 24 ते 34 आठवड्यांसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे, दर बारा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं, आणि उपकेंद्रातली नर्सताईसुद्धा पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकते. औषध स्वस्त आहे, अडतं ते उशिरा पोचण्यात.

आता मावशी. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं नाही हे मीही लहानपणापासून ऐकलंय, पण उलट आहे, पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुफ्फुसांना आणि मेंदूला मिळतो, 33 आठवड्यांचं बाळ 29 आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी तयार असतं. मावशीला हे समजावलं तर म्हणाली, "मग देवाने तसं का म्हणून ठेवलं?" मी म्हटलं देवाने नाही गं, तुझ्या सासूने. आता फ्रिजवर कागद लावलाय, डॉक्टरचा नंबर, 108, आणि लहान बाळांचा आयसीयू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं ते, आणि तो मावशीनेच लावलाय.